अर्धा इंच, पण कुठला?

यशवंतपूरच्या आमच्या फ्लॅटमधल्या गीझरसाठी मुलीनं अमेरिकेहून व्हॉल्व्ह आणला. पितळी, देखणा, अर्ध्या इंचाचा. चार आटे सरळ गेले, मग अडला. मी फौजी माणूस, पाना लावून आणखी आवळला. सकाळी खालच्या काकू दारात, त्यांचं छत ओलं!

चूक मापाची नव्हती, आट्यांची होती. आपल्याकडे चालतं बीएसपी, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड पाइप. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंश, व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेला. अमेरिकेचं एनपीटी ६० अंशांचं. पण अर्ध्या इंचाच्या फिटिंगला दोन्हींत दर इंची १४ च आटे. म्हणून ते एकमेकांत जातात आणि फसवतात. एक इंचाच्या फिटिंगला बीएसपी ११, एनपीटी साडेअकरा; तिथे लबाडी लवकर उघडी पडते.

पट्टीवर विसंबू नका. अर्ध्या इंची बीएसपीचा बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो!

बीएसपीटीतला 'टी' म्हणजे टेपर, निमुळता आटा. टेफलॉन टेप इथेच. 'जी' लिहिलं असेल तर आटा समांतर. तिथे पाणी वॉशर अडवतो, टेपचं अख्खं रीळ गुंडाळलंत तरी व्यर्थ.

दुकानात एमटीए म्हणजे बाहेरून आटे, एफटीए म्हणजे आतून. गीझरला मात्र पितळी आट्यांचे एमएबीटी किंवा एफएबीटी मागा.

काकूंचं छत रंगवून दिलं. तो व्हॉल्व्ह सध्या माझ्या टेबलावर कागद दाबतो.