गडावरील टाक्याचे पाणी

गडाची जागा पसंत करण्यापूर्वी तेथील पाण्याची खातरजमा करावी, आणि एखादा झरा आढळला तरी तेवढ्यावर विसंबून न राहता टाकी खोदून पाण्याची बेगमी करावी व ती जतन करावी, अशी ताकीद रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात दिली आहे. शिबंदीसाठी कातळात खोदलेल्या त्या टाक्यांपैकी कित्येक आजही भरलेली असतात. परंतु सुटीच्या दिवशी त्यांच्या काठी भांडी विसळली जातात, पाय धुतले जातात आणि वरच्या उतारावर गुरे चरतात. म्हणून पाठपिशवीतून न्यावयाच्या फिल्टरची निवड करताना, आपण ज्या पाण्याला तोंड लावणार त्याच्या वरच्या अंगाला कोणाचा वावर आहे, ही चौकशी किमतीच्या आधी व्हावयास हवी.

सांप्रत पदभ्रमण करणाऱ्यांजवळ बहुधा पोकळ तंतूंचा फिल्टर असतो. सूक्ष्म नळ्यांची ती एक जुडी. नळ्यांच्या भिंतींना सुमारे ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनची छिद्रे. जिआर्डियाची कोष्ठे ८ ते १२ मायक्रॉनची, म्हणून ती अडतात. विषमज्वराचे व पटकीचे जंतूही अडतात. कावीळ आणणारे विषाणू मात्र सुमारे ०.०३ मायक्रॉनचे, आणि येथे फिल्टरची मर्यादा स्पष्ट होते. ही मर्यादा आजची नव्हे. पाश्चर यांचे सहकारी शांबरलां यांनी १८८४ मध्ये चिनी मातीची गाळणी सिद्ध केली. १८९२ मध्ये इव्हानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस तिच्यातून गाळला, तरी त्यातील रोगकारक शक्ती कायम राहिली. विषाणूच्या शोधाचा आरंभ गाळणीच्या या अपयशातूनच झाला, याचे मला नेहमी विलक्षण कौतुक वाटते.

जेथे माणसांचा राबता आहे तेथे, माझ्या मते, नुसत्या फिल्टरवर निर्धास्त राहू नये. पाणी गाळल्यावर क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला अवधी थांबावे. हा क्रम उलटा करू नये, कारण गढूळ पाण्यातील सेंद्रिय मळच क्लोरीन खाऊन टाकतो. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला सहसा दाद देत नाही. त्याला गाळणीच हवी. सरपण किंवा स्टोव्ह जवळ असेल तर उकळणे सर्वांत खात्रीचे. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळते, तरी तेवढी उष्णता पुरते.

फाल्गुनात टाक्यातील पाणी तळाला जाते. अशा एका टाक्याच्या शेवटच्या पायरीवर बसून, हाताने शेवाळ बाजूला सारून, मी चौपदरी फडक्यातून पिशवी भरून घेतली, आणि तरीही दुसऱ्या लिटरलाच धार बारीक होऊन थेंबांवर आली. बरोबरच्या पिचकारीने स्वच्छ पाणी उलट दिशेने दाबले, तेव्हा तपकिरी गाळ बाहेर आला आणि धार पुन्हा मोकळी झाली. ज्या फिल्टरला अशी उलट धुलाई करता येत नाही, तो आपल्या गडांवर नेण्यात अर्थ नाही. कोळशाचा थर वास व चव सुधारतो. जंतूंपुढे त्याचा उपयोग नाही.

हिमालयात आणखी एक दक्षता घ्यावी लागते: तंतूंत राहिलेले पाणी गोठले की ते तडकतात, आणि तडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रात्री फिल्टर अंथरुणात, अंगाशी घेऊन निजावे. आणि कच्च्या पाण्याच्या पिशवीच्या गळ्याला तांबडा दोरा बांधावा, म्हणजे दमलेल्या हातांनीही काळोखात ती ओळखता येते.