विवाह रद्द ठरला, तरी मुलं औरसच

चर्चच्या न्यायासनाकडे विवाह रद्दबातल ठरवण्याचा अर्ज करायची वेळ आली की कॅथलिक आईच्या पोटात गोळा येतो. लग्न मुळात झालंच नव्हतं असा निकाल लागला, तर मुलं अनौरस ठरणार का?

नाही. १९८३च्या चर्च कायद्याचं कलम ११३७ याबाबत स्वच्छ आहे. वैध लग्नाची मुलं औरस. आणि दोघांपैकी एकानं जरी ते लग्न खरं मानून प्रामाणिकपणे केलं असेल, तर पुढे ते रद्द ठरूनही मुलं औरसच. आईवडिलांनी मूल झाल्यावर लग्न केलं, तरी मूल औरस होतं.

पूर्वी ‘अनौरस’ हा शब्द फार महाग पडायचा. १९१७च्या कायद्यात अनौरस मुलग्याच्या धर्मगुरू होण्यात अडथळा होता. बिशप आणि कार्डिनल ही पदं तर त्याला बंदच. आता त्यातलं काहीच उरलेलं नाही. विवाहाबाहेर जन्मलेल्या एकाला तर संतपदही मिळालं. लिमा शहरात १५७९ साली जन्मलेल्या मार्टिन दे पोरेसच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडील अज्ञात आहेत. वडील स्पॅनिश सरदार घराण्यातले, आई गुलामीतून सुटलेली कृष्णवर्णीय स्त्री. त्याच मार्टिनला चर्चनं १९६२ साली संत घोषित केलं.

ठाण्यात खोपटहून मासुंदा तलावाकडे गेलं की सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च लागतं. अशा कुठल्याही पॅरिशमध्ये अविवाहित आईच्या बाळाचा बाप्तिस्मा नोंदवताना कलम ८७७ लागू होतं. तिचं मातृत्व सर्वज्ञात असेल, किंवा तिनं लेखी अथवा दोन साक्षीदारांसमोर मागणी केली, तर आईचं नाव लिहितात. वडिलांच्या नावासाठी सरकारी दस्त हवा, नाहीतर फादर आणि दोन साक्षीदारांसमोर वडिलांनी स्वतः दिलेली कबुली. यातलं काहीच नसेल, तर फक्त बाळाचं नाव. ‘अनौरस’ असा शेरा मारायला हे कलम कुठेच सांगत नाही.

कल्याण-डोंबिवलीतल्या, पौर्वात्य परंपरेच्या सिरो-मलबार कॅथलिक कुटुंबांना १९९०ची पौर्वात्य चर्चची संहिता लागते. तिच्यात औरस-अनौरस ठरवणारी कलमंच नाहीत. १९८३चा कायदा ज्या लॅटिन चर्चचा, त्यानंही आपली अशी कलमं आता काढून टाकावीत. निष्पाप लेकरांवरचा तो शिक्का कुणाच्याच उपयोगाचा नाही.

वारसाहक्क मात्र चर्चच्या हातात नाही, तो देशाच्या कायद्याचा विषय. चर्चनं रद्द ठरवलेला विवाह दिवाणी कायद्यात आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली स्पष्ट केलं. त्यामुळे चर्चचा निकाल हाती असला, तरी कोर्टाची पायरी चढावीच लागते.