मुलांचीं इतिहासपुस्तकें आणि काळाचा क्रम

ज्ञानेश्वर, एकनाथ आणि तुकाराम या तिघांमध्यें किती वर्षांचें अंतर होतें, असा प्रश्न एखाद्या सुशिक्षित गृहस्थास सहज विचारला, तर तो बहुधा थबकतो. कीर्तनांत आणि भजनांत या संतांचीं नांवें एका दमांत घेतलीं जातात. भिंतीवरच्या तसबिरींतहि ते शेजारीं शेजारीं उभे असतात. त्यामुळें ते एकमेकांचे समकालीन असावेत, असा लहान मुलाचा समज होतो आणि पुष्कळदां तो मोठेपणींहि तसाच राहतो. वस्तुतः ज्ञानेश्वरी पुरी झाली ती शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, एकनाथांनीं देह ठेवला तो १५९९ मध्यें, आणि तुकारामांचा जन्म १६०८ च्या सुमाराचा. ज्ञानेश्वरांची समाधि आणि तुकारामांचा जन्म यांच्या दरम्यान तीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला. तेवढ्या अवधींत देवगिरीचें यादवांचें राज्य बुडालें, १३४७ मध्यें बहामनी राज्य स्थापन झालें, त्याचे पुढें पांच तुकडे झाले आणि १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवा घेतला. हें अंतर एकदां मनांत भरलें, म्हणजे एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, या गोष्टीचा खरा अर्थ उमगतो. तीनशें वर्षें हातांनीं नकलल्या गेलेल्या ग्रंथांत अपपाठ शिरणारच. ते काढण्याचें काम कोणास तरी करावें लागलें. अंतर ठाऊक नसेल, तर या कार्याचें महत्त्व कळण्यास मार्गच नाहीं.

कालक्रम म्हणजे सनावळीचें पाठांतर, ही समजूत शाळेंत रुजते आणि परीक्षा संपतांच ती सनावळी विसरली जाते. मागें उरतात त्या सुट्या गोष्टी. एखादा पोवाडा, एखादी कादंबरी, एखादा बोलपट, सहलींत पाहिलेला एखादा किल्ला, यांतून मिळालेले तुकडे मनांत सांठत जातात. परंतु कोणता तुकडा आधींचा आणि कोणता नंतरचा हें माहीत नसल्यामुळें ते एकमेकांस जुळत नाहींत. कारण आधीं घडतें आणि कार्य मागाहून, एवढी साधी गोष्ट इतिहासाच्या बाबतींत ज्याच्या हातून सुटली, त्याला कोणीहि कांहींहि पटवूं शकतो. इतिहासावरून घरांघरांत तावातावानें वाद होतात आणि भ्रमणध्वनीवर नित्य नवीं विधानें येऊन आदळतात, अशा काळांत ही उणीव केवळ पंडितांच्या चिंतेची राहिलेली नाहीं.

मग प्रौढ माणसानें आरंभ कोठून करावा? गो. स. सरदेसाई यांच्या रियासतीसारखे ग्रंथ थोर खरे. परंतु ज्याच्या मनांत काळाचा आराखडाच तयार नाहीं, तो अशा बहुखंडी ग्रंथांत पहिल्या शंभर पानांतच वाट चुकतो. त्या रियासतीचा उगम मात्र येथें लक्षांत घेण्यासारखा आहे. बडोद्याच्या राजपुत्रांना शिकविण्याच्या निमित्तानें सरदेसायांनीं जीं टिपणें केलीं, त्यांतूनच पुढें १८९८ मध्यें मुसलमानी रियासत बाहेर पडली. मोठा इतिहास लिहिणाऱ्यानें जर मुलांना सांगण्यापासून आरंभ केला, तर वाचणाऱ्यानें मुलांच्या पुस्तकापासून आरंभ करण्यांत कमीपणा तो कसला?

मुलांसाठीं सबंध इतिहास क्रमवार सांगण्याची परंपरा जुनी आहे. चार्ल्स डिकन्स यानें १८५१ ते १८५३ या काळांत आपल्या साप्ताहिकांतून इंग्लंडचा इतिहास मुलांसाठीं लिहिला. हेंड्रिक व्हान लून याचें मानवजातीच्या कथेचें पुस्तक १९२१ मध्यें अमेरिकेंत निघालें. त्यानंतर तीन वर्षांनीं बाल्टिमोर येथील एका शाळेचे मुख्याध्यापक हिलियर यांनीं लहान मुलांकरितां जगाचा इतिहास प्रसिद्ध केला. अर्न्स्ट गोम्ब्रिख या व्हिएन्नाच्या सव्वीस वर्षांच्या तरुणानें १९३५ मध्यें अवघ्या सहा आठवड्यांत असेंच एक पुस्तक जर्मन भाषेंत लिहून काढलें. तें आजहि जगभर वाचलें जातें. आपल्याकडे १९२८ च्या उन्हाळ्यांत जवाहरलाल नेहरूंनीं अलाहाबादेहून मसुरीस असलेल्या आपल्या दहा वर्षांच्या कन्येस पृथ्वीच्या जन्मापासून आरंभ करून पत्रें लिहिलीं; तीं पुढल्याच वर्षीं पुस्तकरूपानें निघालीं. नंतर १९३० ते १९३३ या काळांत, बहुतांशीं तुरुंगांतून, त्यांनीं तिला सुमारें दोनशें पत्रें लिहून सबंध जगाचा इतिहास सांगितला.

या पुस्तकांचा प्रौढास उपयोग कोणता? पहिला हा कीं, तीं आरंभापासून शेवटापर्यंत जातात. गोम्ब्रिख याच्या पुस्तकाचीं प्रकरणें चाळीस. रात्रीच्या जेवणानंतर रोज एक प्रकरण वाचलें, तरी सव्वा महिना ते दीड महिन्यांत माणूस अश्मयुगापासून विसाव्या शतकापर्यंत येऊन पोंचतो. दुसरा उपयोग असा कीं, लेखकास निवड करावी लागते. मुलाला शंभर राजे सांगून चालत नाहीं. म्हणून ज्यांच्यामुळें पुढचा काळ बदलला, तेवढेच तो ठेवतो. तिसरा उपयोग सर्वांत महत्त्वाचा. मूल 'कां?' असें विचारतें, आणि लेखकास तें टाळतां येत नाहीं. शेती लागल्यावर गांवें कां वसलीं, गांवें वाढल्यावर लिहिण्याची गरज कां पडली, हें मोठ्यांच्या ग्रंथांत गृहीत धरलेलें असतें. मुलांच्या पुस्तकांत तें सांगितलेलें असतें.

विकत घेण्याचीहि फारशी गरज नाहीं. दरवर्षीं उन्हाळ्यांत जीं पुस्तकें रद्दींत जातात, त्यांतच हें साहित्य असतें. महाराष्ट्र राज्याचीं जीं क्रमिक पुस्तकें २०१४ ते २०१८ या वर्षांत निघालीं, त्यांचेंच उदाहरण घ्यावें. चौथीच्या पुस्तकांत शिवछत्रपतींचें चरित्र आहे; पांचवीच्या पुस्तकांत आदिमानवाची वाटचाल आहे; सहावीस प्राचीन, सातवीस मध्ययुगीन आणि आठवीस आधुनिक भारत आहे. विद्यार्थी चौथींत सतराव्या शतकांत असतो आणि पांचवींत एकदम अश्मयुगांत जातो. शिक्षणाच्या दृष्टीनें यास कारण आहे, कारण नऊ वर्षांच्या मुलास चरित्रच अधिक रुचतें. परंतु मोठ्या माणसानें इयत्तेचा क्रम सोडून काळाचा क्रम धरावा. आधीं पांचवीचें पुस्तक, मग सहावीचें, मग सातवीचें व त्याच्या ऐन मध्यावर चौथीचें, आणि शेवटीं आठवीचें, अशी मांडणी केली कीं, हिंदुस्थानच्या इतिहासाचा सलग पट थोड्या दिवसांत डोळ्यांखालून जातो. जोडीला जगाच्या इतिहासाचें वर सांगितल्यापैकीं एखादें पुस्तक असलें म्हणजे झालें.

पहिलें वाचन न थांबतां करावें. टिपणें काढूं नयेत. दुसऱ्या वाचनाच्या वेळीं मात्र काळाची एक पट्टी करावी. पुस्तकांना घालावयाचा तपकिरी कागद कापून, चिकटवून पांच मीटर लांबीची पट्टी केली, आणि एक मीटर म्हणजे एक हजार वर्षें असें प्रमाण धरलें, तर एका शतकास दहा सेंटिमीटर आणि दहा वर्षांस एक सेंटिमीटर जागा मिळते. इ. स. पूर्व ३००० पासून इ. स. २००० पर्यंतचा काळ या पट्टीवर मावतो. त्यापुढील वर्षांसाठीं टोंकास थोडा कागद अधिक ठेवावा. आतां यावर खुणा करूं लागलें, म्हणजे आश्चर्य वाटूं लागतें. हडप्पा व मोहेंजोदडो यांच्या भरभराटीचा काळ, स्थूल मानानें इ. स. पूर्व २६०० ते १९००, सत्तर सेंटिमीटर जागा घेतो. शिवराज्याभिषेकापासून १८१८ मध्यें पेशवाई संपेपर्यंतचा काळ साडेचौदा सेंटिमीटरांहून कमी भरतो, आणि १८१८ पासून १९४७ पर्यंतचा तेरा सेंटिमीटरांच्या आंतच. अशोकापासून ज्ञानेश्वरांपर्यंत मात्र दीड मीटर अंतर पडतें. ज्या भागाविषयीं आपण रोज बोलतों तो किती लहान, आणि ज्याविषयीं कांहींच ठाऊक नाहीं तो किती मोठा, हें कोणीं न सांगतां दिसतें. मुलानें 'याच्या आधीं काय होतें?' असें विचारलें, तर त्याच प्रमाणानें हिशेब करावा. आजच्यासारखा मनुष्य सुमारें तीन लक्ष वर्षांपूर्वीं अवतरला; त्यासाठीं तीनशें मीटर कागद लागेल. पृथ्वीचें वय सुमारें साडेचारशें कोटी वर्षें. तिच्यासाठीं साडेचार हजार किलोमीटर, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी या अंतराहूनहि लांब पट्टी करावी लागेल.

खुणा करतांना दोन ठिकाणीं चूक होण्याचा संभव असतो. इसवी सनापूर्वींचीं वर्षें उतरत्या क्रमानें येतात. अशोकाचें राज्य सुमारें २६८ मध्यें सुरू होऊन २३२ मध्यें संपलें, असें वाचून मुलें गोंधळतात. शिवाय इ. स. पूर्व १ नंतर लगेच इ. स. १ येतें, मध्यें शून्य वर्ष नाहीं. म्हणून इ. स. पूर्व ५० पासून इ. स. ५० पर्यंत शंभर नव्हे, नव्याण्णव वर्षें होतात. दुसरी अडचण शकाची. शालिवाहन शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो. परंतु शकाचें वर्ष चैत्रांत बदलतें आणि इसवी सन जानेवारींत, म्हणून पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींस बहुधा ७९ मिळवावे लागतात. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ चा. ७८ मिळविले कीं १६७४ येतात. शिवजन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१ चा. येथें ७९ मिळवून १६३० येतात.

तिसऱ्या वाचनांत पट्टीच्या वरच्या बाजूस आपला देश आणि खालच्या बाजूस इतर जग लिहावें. अभ्यासाचें खरें फळ येथें हातीं येतें. १६७४ मध्यें रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हां फ्रान्सांत चौदावा लुई, चीनमध्यें कांगशी आणि दिल्लीस औरंगजेब राज्य करीत होते. त्या सोहळ्यास मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील आला होता. आणि मुंबई कंपनीच्या ताब्यांत येऊन तेव्हां अवघीं सहा वर्षें झालीं होतीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर मराठ्यांचा घोर पराभव झाला. त्याच महिन्यांत दूर दक्षिणेंत फ्रेंचांचें पुदुचेरी इंग्रजांच्या हातीं पडलें. दोन्ही घटना निरनिराळ्या पुस्तकांत वाचल्या, तर त्यांचा संबंध लक्षांत येत नाहीं. एकाच रेघेवर आल्या, म्हणजे इंग्रजांच्या मार्गांतील दोन प्रतिस्पर्धी एकाच वेळीं कसे दुबळे झाले, हें कोणासहि समजतें.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. मुलांचें पुस्तक सोपें असतें. पण सोपें म्हणून निर्दोष नसतें. हेन्रिएटा मार्शल या बाईंनीं १९०५ मध्यें इंग्लंडचा जो बालेतिहास लिहिला, त्यांत आर्थर राजाच्या दंतकथा इतिहासाच्या शेजारींच बसविल्या आहेत. त्यांनींच १९०८ मध्यें साम्राज्याची कथा लिहिली, तींत हिंदुस्थान दिसतो तो राज्यकर्त्यांच्या नजरेनें. आपल्याकडील पुस्तकेंहि याला अपवाद नाहींत. कित्येक जुन्या बालपुस्तकांत शिवजन्माचें वर्ष १६२७ असें दिलेलें आढळतें; तें त्या काळच्या माहितीस धरून होतें. पुढें लोकमान्य टिळकांनीं प्रकाशांत आणलेल्या जेधे शकावलींत दुसरी तिथि मिळाली, तिच्यावर दीर्घ काळ वाद झाला, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख महाराष्ट्र शासनानें २००१ मध्यें मान्य केली. गोम्ब्रिख याचें उदाहरण तर विशेष बोलकें आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटाविषयीं तरुणपणीं लिहिलेली हकीगत बरोबर नव्हती, असें त्यानें सुमारें पन्नास वर्षांनीं नव्या प्रकरणांत मुलांनाच मोकळेपणानें सांगितलें.

म्हणून एकाच पुस्तकावर विसंबूं नये. दोन पुस्तकें शेजारीं ठेवावीं. जेथें तीं जुळत नाहींत, तेथें पट्टीवर पेन्सिलीनें प्रश्नचिन्ह करावें. तें चिन्हच पुढच्या अभ्यासाचें दार होय. तेथून वाचकानें मोठ्या ग्रंथाकडे आणि शक्य तर मूळ साधनांकडे वळावें. वि. का. राजवाडे यांनीं मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें १८९८ पासून खंडशः प्रसिद्ध केलीं. त्यांतील पुष्कळ पत्रांवर तिथि किंवा चंद्र आहे, पण वर्ष नाहीं. तें वर्ष ठरविण्यासाठीं संशोधकांनीं किती श्रम केले, हें पाहिलें म्हणजे पट्टीवरची एकेक साधी खूण कोणाच्या कष्टांनीं उभी राहिली आहे, याची जाणीव होते.

ज्या घरीं अशी पट्टी भिंतीवर लागते, तेथें मुलें आणि वडील मंडळी एकाच वेळीं शिकतात. पुढें एखादें विधान कानीं आलें, तर त्या घरांतील माणसें आधीं विचारतात, 'हें केव्हांचें? आणि याच्या आधीं काय घडलें होतें?' हे दोन प्रश्न विचारण्याची संवय लागली, म्हणजे मुलांच्या पुस्तकानें आपलें काम केलें असें खुशाल समजावें.