एकदा उघडलेले दार

अमेरिकेतील बेसबॉलमधला वर्णभेद १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने मोडला, हे आपण ऐकून असतो. परंतु त्यापूर्वी ६३ वर्षे, म्हणजे १८८४ मध्ये, मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून वरिष्ठ स्पर्धेत उघडपणे खेळला होता.

वॉकर कॅचर होता. आपल्या क्रिकेटमधील यष्टिरक्षकासारखेच हे काम. कोणता चेंडू टाकावा हे कॅचरने खुणेने सुचवावयाचे आणि पिचरने तसा टाकावयाचा, अशी रीत. पण त्याच्याच संघातील पिचर टोनी मुलेन त्या खुणांकडे पाहतच नसे. वॉकर उत्तम कॅचर होता, तरी काळ्या माणसाचे ऐकणे आपल्याला रुचत नसे, असे मुलेनने पुढे स्वतःच सांगितले. वॉकरला येईल तो चेंडू अंदाजानेच झेलावा लागे.

१८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगने कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचे ठरविले. वरिष्ठ स्पर्धांत तर लेखी नियमही नव्हता. मालकांचा मूक संकेत पुरला. लेखी नियम निदान दाखवून त्याविरुद्ध भांडता येते; अलिखिताचा जाब कोणाला विचारावा?

रॉबिन्सनचे धैर्य याने उणे होत नाही. मात्र त्याने उघडलेले दार पूर्वी एकदा उघडे होते आणि माणसांनीच ते लावून घेतले, हेही आपण ध्यानी ठेवले पाहिजे.