वणव्यानंतरची बाग : कुदळीआधी फेरी

वणव्यात होरपळलेली बाग पुन्हा कशी उभी करायची, हा आजचा विषय. उदाहरण कोकणातलं घेतोय, पण तुमची बाग कुठल्याही राज्यात असली तरी यातलं बरंच उपयोगी पडेल.

फेब्रुवारी ते मे या दिवसांत सड्यावरचं गवत कडकडीत वाळलेलं असतं. एक ठिणगी पडली की वारा ती आंबा-काजूच्या बागेत आणतो आणि दहा-बारा वर्षांची मेहनत काळी पडते. मालकाला वाटतं, जेसीबी लावून सगळं साफ करावं आणि जूनमध्ये नवी कलमं लावावीत. इथेच थांबायला हवं. काळं दिसतं ते सगळं मेलेलं नसतं.

गवताची आग झपाट्याने पुढे सरकते. तेव्हा जमिनीचा वरचा पातळ थरच तापतो, खालची मुळं बहुधा वाचतात. पाल्याचा जाड थर किंवा लाकडांचा ढीग जिथे बराच वेळ धुमसतो, तिथे मात्र मुळंही भाजतात.

आधी फोटो काढा, तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या. मग रोज संध्याकाळी बागेत एक फेरी मारा. एरवी पाय मोकळे करायला आपण सड्यावर जातोच, तीच वाट बागेतून न्या. मुलांनाही सोबत घ्या. प्रत्येक झाडाची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवी, ओलसर असेल तर तो भाग जिवंत आहे. तिथे रंगीत चिंधी बांधा. कोरडी, तपकिरी असेल तर तेवढा भाग गेला. पुढच्या फेऱ्यांत नवी फूट शोधा.

कलमी आंब्याला फूट आली तर ती कुठून आली ते नीट पाहा. जोडाच्या वरून आली तर तुमचा हापूस वाचला. जोडाखालून आली तर ती रायवळ खुंटाची आहे. ती काढून टाकायचीही गरज नाही. जोमदार असेल तर तिच्यावर पुन्हा हापूसचं कलम बांधता येतं. तयार मुळांवरचं झाड नव्या रोपापेक्षा लवकर वाढतं.

पानं जळाल्यामुळे खोडावर थेट ऊन येतं आणि साल तडकते, म्हणून खोडाला चुना लावा. मेलेल्या फांद्या फूट दिसल्यावरच कापा आणि कापल्या जागी बोर्डो मलम लावा : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. म्हणून मेअखेरपर्यंत उताराला आडवे चर आणि दगडी बांध घाला, पाऊस पडताच ताग पेरा. वितळलेल्या ठिबकच्या नळ्या वेचून बाहेर काढा. त्यांची राख भाजीच्या वाफ्यात नको. नवी कलमं फक्त रिकाम्या जागी लावा. ज्या झाडाबद्दल शंका आहे, त्याला हा पावसाळा द्या.

फेरीत सड्याकडेही बघा. जळूनही पळस, ऐन, कुंभा पुन्हा फुटलेले दिसतील. कुंपणाच्या बाहेर तीच झाडं राहू द्या. आणि दिवाळीनंतर गवत वाळू लागलं की बागेभोवतीचं गवत कापून जाळरेषा काढा. शेजारच्या बागवाल्यांना सोबत घेतलंत तर काम निम्मं होईल.

पुढच्या भागात जुन्या खुंटावर कलम कसं बांधायचं ते पाहू. तुमच्या बागेत काय फुटलं, ते नक्की कळवा.