होशो, वारा आणि संगणकावरचे आरमार

वरच्या वर्गांतील मुलांना ‘वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स’ हा युद्धनौकांचा संगणकीय खेळ ठाऊक असतो. त्यात जपानच्या विमानवाहू नौकांचा मार्ग धरला, की पहिली हाती येते ती ‘होशो’. खेळाडू तिला एखाद्या बेटाच्या आडोशाला उभी करतो आणि मनात येईल तेव्हा, मनात येईल त्या दिशेला विमाने सोडतो. आम्ही हा खेळ बारकाईने पाहिला. चित्रे सुरेख आहेत, नौकेचा आकारही खऱ्यासारखा आहे, पण एक गोष्ट त्यात नाही. ती म्हणजे वारा. आणि वारा नाही म्हणून खऱ्या होशोच्या कप्तानाला रोज छळणारा प्रश्नही त्यात नाही.

खरी होशो योकोसुका येथे डिसेंबर १९२२ मध्ये जपानी आरमारात दाखल झाली. विमानवाहू नौका म्हणूनच आखलेली आणि सेवेत आलेली ती जगातील पहिली नौका. ब्रिटनच्या ‘हर्मीस’चे काम तिच्याआधी सुरू झाले होते, पण ती पुरी व्हायला १९२४ साल उजाडले. होशोचा डेक सुमारे १६८ मीटर लांब होता, वेग २५ नॉट, म्हणजे ताशी साधारण ४६ किलोमीटर.

आता थोडे गणित करू. विमानाला वर उचलणारे बल पंखांवरून हवा किती वेगाने वाहते यावर अवलंबून असते. जमीन किंवा डेक मागे किती वेगाने सरकतो, याच्याशी पंखांना काही देणेघेणे नाही. समजा, एक विमान हवेच्या सापेक्ष ताशी १०० किलोमीटर वेगाला उचलले जाते आणि त्याचे त्वरण दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद आहे. नौका उभी आणि वारा पडलेला असेल, तर v² = २as या सूत्राने सुमारे १२९ मीटर धाव लागेल. म्हणजे डेक पुरतो, पण एकाच विमानाला. त्याच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या बाकीच्या विमानांनी जायचे कुठे?

हीच नौका पूर्ण वेगाने, ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्याला सामोरी गेली तर? डेकवर उभ्या विमानाच्या पंखांवरून आधीच ४६ अधिक २०, म्हणजे ताशी ६६ किलोमीटरचा वारा वाहत असतो. कमवायचे उरतात फक्त ३४. धाव वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती जेमतेम १५ मीटरवर येते! वेग एकतृतीयांश झाला, पण अंतर नवव्या हिश्श्याच्या आसपास आले. मुलांना हा वर्ग फळ्यावर करून दाखवावा. समान त्वरणाच्या धड्याला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी सापडलेले नाही.

उतरतानाही हेच. समोरून वारा असला की विमान डेकपाशी सावकाश येते. होशोवर पहिले विमान फेब्रुवारी १९२३ मध्ये विल्यम जॉर्डन या ब्रिटिश वैमानिकाने उतरवले. पण नुसता वारा असून भागत नाही, तो संथ हवा. धुराड्यांतून निघणारी गरम हवा मागे भोवरे उठवते, म्हणून होशोची तिन्ही धुराडी उड्डाणांच्या वेळी आडवी पाडता येत. नौकेचे हेलकावे कमी करण्यासाठी आत जायरोस्कोप बसवला होता. डेकच्या उजव्या कडेला असलेला छोटा मनोरा मात्र अरुंद डेकवर वैमानिकांना अडचणीचा वाटला आणि १९२४ मध्ये तो काढून टाकण्यात आला.

सुरुवातीला डेकचा पुढचा भाग पाच अंशांनी खाली उतरता होता. उतारामुळे मिळणारे जादा त्वरण ९.८ × ज्या ५°, म्हणजे सुमारे ०.८५. फार नाही, पण अशक्त इंजिनांना तेवढाही हातभार. आपल्या ‘विक्रांत’चा पुढचा भाग नेमका उलट, वर वळवलेला आहे. तेथे वेगाची दिशा बदलून विमानाला वर फेकायचे असते.

वाऱ्याची ही गरज महागात पडू शकते. विमाने सोडताना किंवा घेताना नौकेला वाऱ्यासमोर सरळ रेषेत जावे लागते, मग शत्रू कोठेही असो. १७ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनची ‘करेजस’ ही विमानवाहू नौका अशीच वाऱ्याकडे वळली आणि तिच्या मागावर असलेल्या जर्मन पाणबुडीच्या अगदी समोर आडवी आली. दोन पाणतीर लागले. वीसएक मिनिटांत नौका बुडाली. पाचशेहून अधिक माणसे गेली. बेटाआड थांबून विमाने सोडणाऱ्या खेळाडूला ही निवड कधीच करावी लागत नाही.

होशोचे पुढे काय झाले? विमाने जड झाली, त्यांचा उड्डाणवेग वाढला आणि वर्गाचा नियम उलटा फिरला. वेग दीडपट, तर धाव सव्वादोनपट. म्हणून १९४४ मध्ये तिचा डेक १८० मीटरपर्यंत लांबवला. पण मूळ सांगाडा लहानच होता. वर इतका पसारा आल्यावर ती खुल्या समुद्रात नेण्याजोगी राहिली नाही आणि जपानच्या अंतर्गत समुद्रात नव्या वैमानिकांच्या सरावासाठी वापरली गेली. युद्धातून ती तगली. परदेशी अडकलेल्या जपान्यांना मायदेशी आणण्याच्या कामाला लागली आणि त्यानंतर मोडीत निघाली.