निदानाचा पेंच

रोगजंतु शरीरांत शिरले म्हणजे रक्तांत त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडें तयार होतात, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. हीं प्रतिपिंडें म्हणजे शरीराचे पहारेकरीच होत. परंतु जंतूच्या अंगावरील एखादा अंश आपल्याच मेंदूंतील एखाद्या घटकासारखा असला, तर हे पहारेकरी चोर सोडून घरधन्यावर तुटून पडतात. मग कित्येकदां ताप नसतो, वेदना नसतात. बिघडतें तें वर्तन. अशा रोग्याचें निदान आजच्या प्रगत वैद्यकासही किती कठीण जातें, तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विकारांपैकीं एक फार जुना आहे. इंग्लंडांतील टॉमस सिडनहॅम या वैद्यानें १६८६ सालीं, दहा वर्षांपासून वयांत येईपर्यंतच्या मुलामुलींस होणाऱ्या एका चमत्कारिक व्याधीचें वर्णन केलें. हातपाय क्षणभर स्थिर राहत नाहींत. पेला तोंडाशीं नेतांना हात भलतीकडेच भरकटतो. घशांत स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा उपद्रव होऊन गेल्यावर हा विकार जडतो, हें त्याच्या काळीं कोणास कळणें शक्य नव्हतें. या रोग्यांपैकीं कित्येकांस मंत्रचळही लागतो. अडचण अशी कीं, घसा दुखल्यापासून हातपाय नाचूं लागेपर्यंत कधीं कधीं सहा महिने लोटतात. तोंवर घशांत जंतु नसतात, रक्तांतील प्रतिपिंडेंही ओसरलेलीं असतात. साक्षीदार गांव सोडून गेल्यावर चौकशी सुरू व्हावी, त्यांतला हा प्रकार.

अमेरिकेंतील सुसान स्वीडो व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं ५० मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. कालपर्यंत हंसतेंखेळतें मूल एकाएकीं पुनः पुनः हात धुऊं लागतें, आईस सोडीनासें होतें, डोळे मिचकावतें, मान उडवितें. आणि थोड्याच दिवसांपूर्वीं त्याचा घसा धरलेला असतो. या विकारास ‘पांडास’ असें नांव पडलें. आईबापांस हा संबंध दिवसाइतका स्पष्ट वाटतो. शास्त्रास तो तसा वाटत नाहीं. शाळकरी मुलांचा घसा दुखणें ही नित्याची गोष्ट. शिवाय १०० निरोगी मुलांपैकीं सुमारें १२ मुलांच्या घशांत हे जंतु कांहींएक त्रास न देतां नांदत असतात. प्रतिपिंडें तीन ते पांच आठवड्यांनीं शिगेस पोंचतात व पुढें महिनोगणती रेंगाळतात. म्हणून रक्ताच्या एकाच तपासणीवरून जंतु केव्हां येऊन गेले, तें कळत नाहीं. त्यांत मंत्रचळाची व झटक्यांची भरती-ओहोटी स्वभावतःच चालूं असते. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडली नसेल कशावरून, असें टीकाकार विचारतात, व त्यांचें विचारणें गैरवाजवी नाहीं. चुकीच्या निदानानें एक मूल वर्षानुवर्षें निष्कारण औषधें घेतें. उलटपक्षीं निदान हुकल्यास दुसरें मूल हट्टी म्हणून बोलणीं खातें.

२०१२ सालीं स्वीडो यांनींच सहकाऱ्यांसह ‘पान्स’ ही व्यापक संज्ञा सुचविली. मंत्रचळ किंवा अन्नत्याग एकाएकीं सुरू व्हावा, सोबत भीति, चिडचीड, निद्रानाश यांसारखीं आणखी लक्षणें असावीं, व इतर कारणें निकालांत निघावीं, एवढ्यावर ती उभी आहे; जंतूंची अटच तींत नाहीं. म्हणजे नांव मिळालें, कारण मिळालेंच असें नव्हे. दात्यांच्या रक्तांतील प्रतिपिंडें शिरेवाटे देण्याचा प्रयोग ३५ मुलांवर करण्यांत आला. त्याचा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला, तोही खोट्या औषधाहून निश्चितपणें सरस ठरला नाहीं.

मोठ्या माणसांची गोष्ट थोडी निराळी. २००७ सालीं जोसेप डालमाऊ व त्यांचे सहकारी यांनीं फिलाडेल्फिया येथें, मेंदूंतील एनएमडीए नांवाच्या ग्राहकावर चालून जाणारीं प्रतिपिंडें शोधून काढलीं. येथें पुरावा प्रत्यक्ष हातीं लागतो. पण तो शोधण्याचें सुचलें पाहिजे ना! रोगी भ्रमिष्टासारखा बोलतो, म्हणून प्रथम मानसरोगतज्ज्ञाकडे जातो. आमच्याकडे क्वचित् त्याआधीं देवऋष्याकडेही. न्यूयॉर्कच्या सुझॅना कॅहॅलन या २४ वर्षांच्या वृत्तपत्रलेखिकेस २००९ सालीं हाच रोग झाला. मेंदूचें चित्र निर्दोष आलें. अखेर डॉ. सुहेल नज्जर यांनीं तिला कागदावर घड्याळ काढावयास सांगितलें, तेव्हां तिनें सारे आंकडे उजव्या बाजूस कोंबले. त्यावरून मेंदूच्या उजव्या भागास दाह झाला आहे, असें त्यांनीं ताडलें. मोठमोठ्या यंत्रांनीं जें सांगितलें नाहीं, तें कागद-पेन्सिलीनें सांगितलें, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

या रोगाच्या मुळाशीं कधीं अंडाशयांतील गांठ असते, कधीं कांहींच सांपडत नाहीं, आणि कधीं जंतुसंसर्ग असतो. हर्पीस विषाणूमुळें मेंदूस दाह झालेल्या ५१ रोग्यांकडे स्पेनमधील संशोधकांनीं लक्ष ठेविलें. त्यांपैकीं १४ जणांस पुढें प्रतिपिंडांचा विकार उद्भवला, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. लहान बालकांत तो हातपायांच्या वेड्यावाकड्या हालचालींनीं, तर मोठ्यांत बहुधा वर्तनाच्या बिघाडानें प्रगट होतो. विषाणु परत आला, कीं त्यानें चेतविलेलीं प्रतिपिंडें उठलीं? उपचार तर परस्परविरुद्ध! विषाणु असल्यास प्रतिकारशक्ति जपावयाची, प्रतिपिंडें असल्यास तीच दडपावयाची. रक्ताहून पाठीच्या कण्यांतील पाण्याची परीक्षा अधिक विश्वसनीय; परंतु निकाल यावयास दिवस लागतात, व दिरंगाईनें हानि वाढते. म्हणून २०१६ सालीं तज्ज्ञांनीं मांडलेल्या नियमांप्रमाणें लक्षणें, मेंदूचें चित्र, विद्युत्-आलेख व कण्यांतील पाणी यांवरून ‘संभाव्य’ निदान ठरवितात, आणि जंतुसंसर्गादि इतर कारणें वगळून प्रतिपिंडांच्या निकालापूर्वींच उपचारास आरंभ करितात. निकाल हातीं आला म्हणजे तो उपचार चालवावा, बदलावा कीं थांबवावा, याचा विचार पुनः करावा लागतो.